चौथ्या ओळीपासून

टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा जिंकून ट्रेसा कॉडिल नॅशव्हिलला आली, तेव्हा तिच्या पहिल्या अल्बमची नऊ गाणी रेकॉर्ड कंपनीने परस्पर ठरवून टाकली होती. नऊही गाण्यांत पिकअप गाडी, नदीकाठ आणि अनवाणी पोरगी. तिने ती मुकाट्याने गायली. मी साथीला फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवत होते. असल्याच गाण्यांवर माझी तीस वर्षं गेलीत, त्यामुळे नाकं मुरडायला मला तोंड नाही.

दहावं गाणं मात्र तिचं स्वतःचं होतं. सव्वीस वर्षं केंटकीच्या डोंगरात शाळेची बस चालवून, आदल्या हिवाळ्यात वारलेल्या आईवरचं. निर्माता ब्रँट केसलरने तिच्या हेडफोनमध्ये ठेक्याची टिकटिक सोडली आणि पोरगी दर ओळीला मागे पडू लागली.

“अगं, ठेका धर ना! कुठे भटकतेस?”

“आमच्या चर्चमध्ये ठेका नसतो, सर. वाद्यंही नसतात.”

“हे चर्च आहे का? राहू दे, मशीन सरळ करेल तुला.”

मशीनने केलं. इस्त्री मारलेला आवाज ऐकून ट्रेसाने विचारलं, “ही बाई कोण?”

“तूच. खपणारी तू. नको असेल तर गाणंच वगळतो.” त्याने रेकॉर्डिंग बंद केलं. लाल दिवा विझला.

मला वाटलं, आता ही रडणार. तिने हेडफोन काढून खुंटीला अडकवले आणि आम्हा वादकांकडे वळली. “मिस डेल्फी, तुम्हीही डोंगरातल्याच ना?” एवढं विचारून तिने पहिली ओळ भरभर म्हटली आणि थांबली.

मी ती रीत लगेच ओळखली. आमच्या डोंगरातल्या चर्चमध्ये म्होरक्या ओळ सांगतो आणि सगळी मंडळी ती संथपणे उचलतात. उत्तर आल्याशिवाय तो पुढे जात नाही. स्टुडिओत कोणाला काम द्यायचं, हे ब्रँट ठरवतो. ठरवू दे! मी फिडल पेटीत ठेवलं आणि चिरक्या आवाजात उत्तर दिलं. दुसऱ्या ओळीला बास गिटारवाला ओडेलही गाऊ लागला.

“डेल्फी, तुला फिडलसाठी बोलावलंय!” काचेपलीकडून ब्रँट ओरडला. “रेकॉर्डिंग बंद आहे. कोणासाठी गाताय?”

“आईसाठी,” ट्रेसा म्हणाली आणि तिने तिसरी ओळ सांगितली. या वेळी ड्रमवालाही गायला. तो डेट्रॉइटचा, चर्चची पायरी न चढलेला.

ब्रँट उभाच राहिला. त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, पण त्याने स्वतःच बटण दाबलं. दिवा पेटला. आम्ही शेवटपर्यंत गायलो.

“छान. आता सुरुवातीपासून पुन्हा घेऊ. तुझ्याच पद्धतीने, झालं?”

“नाही. तुम्ही बंद केलं होतं. तसंच जाऊ दे लोकांपुढे.”

दोन तास त्याने धमक्या दिल्या, मग गयावया केली. पोरगी हलली नाही. शेवटी त्यानेच हात टेकले. मला इतका अभिमान वाटला की विचारू नका.

अल्बममध्ये ते गाणं चौथ्या ओळीपासूनच सुरू होतं. पहिल्या तीन ओळी कुठे गेल्या, असं विचारणारी पत्रं येतात. ट्रेसा प्रत्येकाला स्वतःच्या हाताने एका ओळीचं उत्तर लिहिते: ब्रँट केसलर यांना विचारा.