वेदीवरचे धरून

ओरा पिंकहॅमने गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या मोडून कॉफीच्या रिकाम्या डब्यात कोंबल्या आणि काडी लावली. चर्चच्या स्वयंपाकघरामागे कमरेइतका बर्फ साचला होता; त्याच्याकडे पाठ करून ती डब्यावर वाकली. उद्या राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपवासांचा पहिला दिवस. थॉर्नबेकमधल्या सेंट क्रिस्पिनच्या मंडळींच्या कपाळावर दुपारी बारा वाजता हीच राख लागायची. झावळ्या अर्धवट जळल्या तर राख तपकिरी होते आणि कपाळ मळल्यासारखं दिसतं. ओराच्या राखेबद्दल एकवीस वर्षांत कुणी चकार शब्द काढला नव्हता.

मागचं दार उघडून डार्लीन आली. ती चर्चचं ऑफिस सांभाळायची आणि उपवासाआधीच्या, आज संध्याकाळच्या पॅनकेकचं पीठही तिनेच भिजवलं होतं. ते कोपरापर्यंत लागलेलं होतं.

"ओरा, ते जरा राहू दे."

"पेटलेलं कसं राहू देऊ? बोल की."

"बिशपच्या ऑफिसचं पत्र आलंय. चर्चच्या पंचांच्या नावावर. मी उघडलं."

"तू कुठलं उघडत नाहीस!"

एरवी डार्लीनने यावर तोडीस तोड दिलं असतं. आज तिने नुसता कागद पुढे केला. ओराने एप्रनला बोटं पुसली, चष्मा नाकावर ओढला आणि वाचायला लागली.

पत्रात दोनच परिच्छेद होते. रविवारची सरासरी हजेरी तेहेतीस आहे असं फादर थॅक्सटर यांनी स्वतः मोजून कळवलं आहे; सबब एक जुलैपासून सेंट क्रिस्पिनला पूर्ण वेळ याजक मिळणार नाही, शेजारच्या गावाबरोबर अर्धा मिळेल, आणि याजकाचं घर भाड्याने द्यावं. हा पहिला. दुसरा त्याहून लहान. उपासनेच्या वहीत याहून मोठे आकडे आहेत, ते फादरांच्या मते 'नोंद ठेवणाऱ्या बाईंच्या वयोमानामुळे मोजणीत होणाऱ्या चुकांमुळे' असावेत. तरी येत्या रविवारपासून वही पंचांपैकी कुणीतरी लिहावी.

"आणि ते स्वतः जूनमध्ये चाललेत," डार्लीन म्हणाली. "व्हर्जिनियाला. मोठं चर्च, हाताखाली दोन मदतनीस. बिशपना लिहिलेलं पत्र घरी टाइप केलं, माहितीय? गेली सहा वर्षं शिंपल्यांच्या सूपच्या जेवणाची यादीसुद्धा माझ्याकडून टाइप करून घेणारा माणूस!"

डब्यातला धूर ओराच्या तोंडावर आला. ती बाजूला झाली नाही.

वहीतले आकडे मोठे होते हे खरं. पण ते चुकून मोठे झाले नव्हते. हजेरी पन्नासाच्या खाली गेली की बिशपचं ऑफिस याजक अर्धा करतं, हे ओराला पक्कं ठाऊक होतं. या पंथातले याजक लग्न करतात; सहा वर्षांपूर्वी फादर लायोनेल थॅक्सटर तीन मुलं, आजारी बायको आणि पुस्तकांची चाळीस खोकी घेऊन आले, त्याच हिवाळ्यात आकडा बेचाळीसवर घसरला. ओराने त्या रविवारी एकावन्न लिहिले. तिच्याजवळ त्याचा हिशेब होता. कॉफिन नवरा-बायको हिवाळाभर फ्लोरिडात असत, पण मनाने इथेच, ते दोन. वृद्धाश्रमातल्या चौघी रस्त्यावर बर्फ नसता तर आल्याच असत्या. ऑर्गनवाला मर्टन वाजवतो, गातो आणि पानंही स्वतःच उलटतो, म्हणजे आणखी दोन. राहिला एक, तर श्रीमती लंट. त्या वारल्या होत्या, पण इतक्यातच.

पुरते पन्नास तिने कधी लिहिले नाहीत, आणि साठाच्या वाटेलाही गेली नाही. बावन्न, एकावन्न, त्रेपन्न. ईस्टरला मात्र खरा आकडा, कारण तेव्हा गरजच नसायची. आकड्याखाली फादर सही करत. एकदाही त्यांनी विचारलं नाही, एकदाही भुवई उचलली नाही. त्या न विचारण्यावर ओरा सहा वर्षं विसंबली होती. तिच्या मते ते दोघांनी मिळून ओढलेलं ओझं होतं. फक्त त्याबद्दल बोलायचं नसतं.

ती तशीच फादरांच्या खोलीत गेली. पुस्तकांची खोकी भिंतीशी पुन्हा उभी राहिली होती, अजून रिकामी.

"बसा ना, ओरा."

"हात काळे आहेत."

फादरांची नजर तिच्या हातातल्या कागदावर गेली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मी आजच सांगणार होतो तुम्हाला."

"तुम्ही मोजत होतात."

"पहिल्या वर्षापासून." त्यांनी खणातून छोटी निळी डायरी काढली आणि टेबलावर ठेवली. "वेदीवरून मागच्या रांगा मला दिसत नाहीत. पण प्रभुभोजनाच्या भाकरीच्या चकत्या तुम्ही डबीत अगदी मोजून ठेवता. एक उरत नाही, एक कमी पडत नाही. मी त्याच मोजायचो."

ओराने डायरीला हात लावला नाही. आशीर्वाद दिलेली चकती टाकता येत नाही, उरली तर कुणीतरी ती भक्तिभावाने खावी लागते. म्हणून ती पहिलं गीत चालू असताना दाराच्या फटीतून डोकी मोजायची आणि तेवढ्याच चकत्या डबीत घालायची. वहीत अठरा-वीस माणसं वाढवणाऱ्या ओराला डबीत एक चकती जास्त टाकावी असं सहा वर्षांत सुचलंसुद्धा नव्हतं. वही बिशपकडे जात होती. डबी वेदीवर.

"मग सह्या कशाला केल्यात?" तिने विचारलं. "तीनशे रविवार?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि घराचं? अर्ध्या याजकाला घर मिळत नाही."

त्यांनी डायरी टेबलाच्या कडेशी सरळ लावली. ते घर त्यांनी सहा वर्षं वापरलं होतं, आणि बॉयलर दोनदा बदलून घेतला होता.

"नवीन जागी जाताना पाटी कोरी असावी असं वाटलं," ते शेवटी म्हणाले. "पण तुमच्यावर मी काही येऊ दिलेलं नाही. तुम्ही खोटं लिहिलंत असं मी कुठेही म्हटलं नाही, ओरा. वय म्हटलं. वयाला कोण नावं ठेवतं?"

त्यांच्या चेहऱ्यावर आजाऱ्याला भेटून परतताना असायचं ते समाधान होतं. आपण उपकार केले असं त्या माणसाला खरोखर वाटत होतं.

"पॅनकेक साडेपाचला आहेत," ओरा म्हणाली आणि दार लावून घेतलं.

बुधवारी तिने राख दोनदा चाळली, दोन थेंब तेल घालून मळली आणि चांदीच्या वाटीत काढली. बाराच्या ठोक्याला ती फादरांच्या उजव्या हाताला वाटी धरून उभी राहिली. माणसं रांगेने येत होती. फादर अंगठा बुडवत, कपाळावर क्रूस काढत आणि प्रत्येकाला तो मातीचा आहे आणि मातीला मिळणार आहे याची आठवण करून देत. सगळ्यांत शेवटी वाटी धरणारीचं कपाळ.

त्यांनी अंगठा टेकवला. आवाज किंचित अडखळला. ओरा त्यांच्या डोळ्यांत सरळ बघत राहिली.

मग प्रभुभोजन झालं. चकत्या बरोब्बर पुरल्या.

उपासना संपल्यावर वेदीमागच्या खोलीत मर्टन बूट बदलत बसला होता. फादरांनी झगा उतरवून खुंटीला अडकवला. ओराने कपाटातून वही काढली, तारीख घातली, 'राखेचा बुधवार, दुपारी १२' असं लिहिलं आणि पुढच्या रकान्यात आकडा. तिचं अक्षर आजही छापल्यासारखं होतं. तिने टीपकागद दाबला आणि वही फादरांकडे फिरवली.

फादरांनी आज निळी डायरी उघड्यावर काढली होती. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी डायरी पाहिली, मग वही.

"अठ्ठावीस?"

"अठ्ठावीस."

"डबीत अठ्ठावीस होत्या. मी माझी वेगळी घेतो." ते हसले. "मला धरून एकोणतीस होतात, ओरा. नियम तुम्हीच शिकवलात मला. मोजणी वेदीवरचे धरून."

मर्टनचा एक बूट हातातच राहिला.

ओराने चांदीची वाटी उचलली आणि फडक्याने आतून पुसू लागली.

"वय झालं माझं, फादर," ती म्हणाली. "मोजणीत चुका होतात."

फादर आकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि सहा वर्षं करत आले होते तशीच, काही न विचारता, खाली सही केली.