गाडीवरचं नाव

आबांनी पंपाला कुंकू लावून नारळ फोडला, तेव्हाच दीपकनं खरं सांगून टाकायला हवं होतं. पण वेळेवर तोंड उघडेल तर तो दीपक कसला!

धुळ्यात आता शोरूम काय, दवाखाने काय, जिकडे बघावं तिकडे काचा. त्या धुवायची गाडी दीपकनं काढली. मागे पाण्याची टाकी, टाकीला पंप, पंपाला लांब पाइप आणि पाइपाच्या टोकाला ब्रश. सगळा जीव त्या पंपात. धुळ्यातले जुने पंपवाले पितांबरशेठ त्याला आधीच म्हणाले होते, "दीपकभाऊ, दिवसभर चालवायचा तर हा भारीतलाच घे. स्वस्तातला तापून बंद पडतो." दीपकनं मान डोलावली आणि जळगावहून नेमका स्वस्तातलाच उचलून आणला. वाचलेल्या पैशात गाडीच्या दोन्ही बाजूंना मोठ्ठ्या अक्षरांत रंगवून घेतलं, 'दीपक सुकदेव ग्लास क्लीनिंग'. हौस हो, दुसरं काय! वडिलांना मात्र सांगितलं, पंप पितांबरशेठकडचाच. खोटं बोल, पण रेटून बोल.

सुकदेवआबा अमळनेरकडचे कपाशीवाले. "मोटार आन जवाई पारखीसन लेवाना," असं गावभर सांगत फिरणारा माणूस. पोराचं पहिलं मोठं काम बघायला ते मुद्दाम धुळ्याला आले. कापडाच्या नव्या दुकानाची तीन मजली काच होती, दुसऱ्या दिवशी उद्घाटन. टोपी सावरत आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "मना पोऱ्यानी गाडी शे."

काचेला साबण लागला आणि पंपानं घरघर करून मान टाकली. हात लावला तर चटका बसला. वर ऊन असं की साबण काचेवरच वाळला, पांढरे ओघळ धरले. दुकानाचा मालक सगळ्यांसमोर ओरडला, "काच धुतली की चुना फासला?"

आबांचा पारा चढला, पण पोरावर नाही. "चाल त्या पितांबरकडे!"

"ऱ्हाऊ द्या ना, आबा," दीपक पुटपुटला. आबा ऐकतात होय? पंप उपरण्यात गुंडाळून पुढे निघालेसुद्धा.

पितांबरशेठच्या दुकानात गिऱ्हाईकं होती. त्यांच्यादेखत आबांनी पंप गल्ल्यासमोर आदळला. "शेठ, मना पोऱ्याले फसाडं तुम्ही! इतल्या वरिसनी वळख, काय कामनी?"

शेठनी पंपाकडे पाहिलं. हा आपल्या दुकानातला नाही, हे त्यांना तिथेच कळलं. मग पंपावरचं कुंकू पाहिलं, दीपककडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आबा, आधी पाणी प्या. हा ठेवा इथं, बदलून देतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशानं आपणहून मान पुढे केलेली! दीपक गप्प राहिला असता तर भारीतला पंप फुकट मिळत होता, अब्रूही झाकली जात होती. क्षणभर तो गप्प राहिलासुद्धा. त्या क्षणाची लाज त्याला पुढे सगळ्यात जास्त वाटली.

"हाऊ पंप या दुकानना नही, आबा," तो अखेर म्हणाला. "मी जळगावथीन लई उनू. खोटं बोलनू तुमनासंगे."

आबांनी टोपी काढली. आयुष्यात कुणापुढे न वाकलेला माणूस भर दुकानात हात जोडून उभा राहिला. "शेठ, मी चुकनू. माफ करा." शेठ "अहो आबा, अहो आबा" करत त्यांचे हात धरायला धावले. दीपकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यापेक्षा आबांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं.

बाहेर गाडी उभी होती. दीपकनं घाईघाईनं दार उघडलं. "बठा आबा, स्टँडवर सोडस."

आबा बसले नाहीत. गाडीवरची मोठी अक्षरं त्यांनी वाचली, सावकाश, एकेक करून. मग 'सुकदेव' या अक्षरांवर बोट ठेवलं.

"एवढं मनं नाव पुसी टाक," म्हणाले, आणि एसटी स्टँडकडे चालू लागले.