झोपलं असेल

“मेलंय ते, बोडिल! फुली मार आणि टाक टोपलीत.”

“झोपलं असेल गं. थांब जरा.”

बोडिलने अंडं तळहातावर घेतलं, हलकेच कलतं केलं आणि पुन्हा दिव्यासमोर धरलं. कवचाआड लाल शिरांच्या जाळ्यात एक ठिपका थरथरला. “बघ!” ती म्हणाली.

कर्स्टन हसली. “माया नुसती उतू चाललीय बाईची! पुढच्या खोलीत सुई टोचून त्याच्यात फ्लूचा विषाणू वाढवणार. लस होईल, पण हे काही जगणार नाही.”

“म्हणून मी आधीच मारू होय?”

डेन्मार्कमधल्या त्या लशीच्या कारखान्यात, अंधाऱ्या खोलीत, बोडिलचा जन्म अंडी पारखण्यात गेला होता. जिवंत पुढे, मेलेलं टोपलीत. हलवून पाहिल्याशिवाय मात्र तिने कधी फुली मारली नाही, आणि त्यापायी सगळ्यांची बोलणी खाल्ली.

“उद्या केक आणायचा हं!” निघताना कर्स्टनने बजावलं. घरात आनंदाची बातमी असली की कामावर केक आणायचा, अशी तिथली रीत. बोडिलच्या लेकीची आज सोनोग्राफी होती. आधी दोनदा गर्भपात झाला होता. या खेपेला बोडिलने धीर करून टोपडं विणायला घेतलं होतं.

दवाखान्यात सोनोग्राफीच्या यंत्राचा पडदा उजळला.

“आई, तुला तर यातलं सगळं कळतं. सांग ना, कसं आहे?”

बोलता बोलता परिचारिका गप्प झाली. बोडिलच्या तोंडातून सवयीने निघालं, “झोपलं असेल.” मग परिचारिकेला म्हणाली, “हिला जरा कुशीवर वळवा ना. थोडं थांबून परत बघा.”

परिचारिकेने तसं केलं. थांबली. पुन्हा पाहिलं आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.

लेक पडद्याकडे पाहत नव्हती. आईच्या तोंडाकडे पाहत होती.

“हललं का गं, आई?”



दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हातांनी कामावर आली. कर्स्टनने ते हात पाहिले आणि केकचं नाव काढलं नाही. दोघी अंडी पाहू लागल्या. एक हललं नाही. बोडिलने सरळ फुली मारून ते टोपलीत टाकलं.

कर्स्टनने ते परत उचललं. आजवर कधी केलं नव्हतं ते तिने केलं. अंडं तळहातावर घेतलं, कलतं केलं.

“झोपलं असेल गं,” ती कशीबशी म्हणाली.

बोडिलने दिवा तिच्याकडे सरकवला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.