मुटिंटाच्या घरचं पाणी

मुटिंटाच्या घरचं पाणी मी पहिल्यांदा नको म्हटलं, तेव्हा तिचं घर वीतभर खाली बसलं. भिंतीला तडा गेला नाही, छपराचं गवत हललं नाही. दाराची चौकट माझ्या डोक्याच्या वर होती, ती कपाळाशी आली. मुटिंटाही तेवढीच कमी झाली. तिने पेला आत नेऊन ठेवला.

"उन्हातून आलीस, वाटलं तहान असेल," ती म्हणाली.

ती तिच्या भाषेत बोलायची, मला माझ्या भाषेत ऐकू यायचं. त्यात नवल करण्यासारखं काही नव्हतं.

मी हापसे दुरुस्त करते. तेवीस वर्षं तालुक्यातले हापसे उघडतेय. शाळा दुसरीपर्यंत, पण दांड्याच्या आवाजावरून आतलं काय झिजलंय ते सांगते. इंजिनिअर तोवर घाम पुसत असतो. म्हणूनच एका संस्थेने मला झांबियात बोलावलं, तिथल्या बायकांना हे काम शिकवायला. मी वर्षाची रजा टाकली.

"केशरबाई, या वयात?" साहेब म्हणाले.

"साहेब, तुम्ही खुर्चीतून उठून दाखवा, मग माझं वय काढा," मी म्हटलं.

निघताना पारावर सगळ्यांसमोर सांगून आले, की वर्षभर तिकडच्या कुणाच्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही. माणसांनी माना डोलावल्या. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

संस्थेने माझी सोय मुटिंटाकडे केली होती. घरात ती आणि तिची म्हातारी आई, दोघीच. दुसऱ्या दिवशी मुटिंटाने मक्याच्या पिठाचा वाफाळता गोळा आणि पालेभाजी पुढे ठेवली. मी म्हटलं, उपास आहे. घर आणखी वीतभर बसलं. त्या आठवड्यात मला सात उपास आले. मी पिशवीतली दशमी आणि चटणी झाडामागे बसून खायची, संस्थेच्या गाडीतून आलेल्या सीलबंद बाटलीतलं पाणी प्यायची.

"हिचे देव फार खादाड दिसतात," म्हातारी दारातून म्हणाली. "हिच्या वाटचं सगळं तेच खातात."

"आई, पाहुणी आहे ती."

"पाहुणी कसली! ही शिकवायला आलीय का आपली मापं काढायला?"

आठव्या दिवशी झोपले तेव्हा माझे पाय दाराबाहेर आले. दहाव्या दिवसापासून मी अंगणाबाहेर आंब्याखाली झोपू लागले. बाकीच्या गावाची घरं होती तेवढीच होती.

हापशावर मुटिंटा सगळ्यांत हुशार. पाइप कसा धरायचा, साखळीला वंगण किती लावायचं, एकदा सांगितलं की झालं. तिचा हात माझ्यासारखा होता. पण महिन्याभरात तिचा हात दांड्यापर्यंत पोचेना. ती खाली उभी राहून बाकीच्या बायकांना सांगायची, आता हे खोला, आता ते खोला. पाणी आलं, तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. मुटिंटाने त्यातलंच पाणी पेल्यात भरून आणलं. ती तेव्हा माझ्या गुडघ्याला लागत होती.

"दांडा तू बसवलास. वायसर तू घातलंस," ती म्हणाली. "हे पाणी वाईट आहे का?"

"चांगलंय."

"मग?"

"मला तहान नाही."

घर खाली गेलं. मला ते कळत होतं. पण चारचौघांत बोललेला शब्द मागे घ्यायची मला सवय नाही.

संस्थेच्या मॅडम फोटो काढायला आल्या. मला घराशेजारी उभं केलं. "मागच्या वेळी घर पूर्ण येत नव्हतं," त्या म्हणाल्या, "आता छान मावतंय." आणि निघून गेल्या.

सुनेचा फोन आला. "आत्याबाई, इथं सगळे विचारतायत. कुणाच्या हातचं घेतलं नाही ना?"

"तू मला शिकवू नकोस."

"तसं नाही. तुमचं नाव निघालंय म्हणून सांगते."

फोन ठेवला. मुटिंटा पायाशी उभी होती. "तुझ्या गावातही असंच करतेस?" तिने विचारलं.

ओढ्यापलीकडच्या वस्तीतला हापसा मीच दुरुस्त करते. वर्षातून तीनदा.

"माझ्या गावात आता कुणी देतच नाही," मी म्हटलं.

मुटिंटाने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर मी दोन शब्द सुनावले असते.

पुढच्या सोमवारी घर वाटीएवढं झालं. शेजारची कोंबडी आली आणि मान तिरकी करून म्हातारीकडे बघू लागली, दाण्याकडे बघतात तशी. मी कोंबडीला हाकललं. खाली बसून बोटांनी माती सैल केली आणि घर अंगणासकट तळहातावर उचललं. आत भांडी किणकिणली. वाळत घातलेले कपडे दोरीवर हलले.

"मुटिंटा," मी म्हटलं. "पाणी दे."

"तहान लागली?"

"पहिल्या दिवसापासून लागलीय."

आत कुजबुज झाली. "दे गं," म्हातारीचा आवाज आला. "मागतेय तर दे."

मुटिंटाने पेला आणून अंगणाच्या मधोमध ठेवला. मोहरीएवढा होता. काठापर्यंत भरलेला.

दुसऱ्या हाताने उचलावा, तर बोटाखाली अंगण चिरडलं असतं. हात तोंडाशी न्यावा, तर घर कलंडलं असतं. राहिली मान. नवरा गेला त्या दिवसापासून ती मी कुणापुढे खाली केली नव्हती.

मी मान वाकवली. अंगणात अंधारून आलं.

म्हातारीने वर पाहिलं. "आभाळ आलंय," ती ओरडली. "मुटिंटा, बाहेरचं सगळं आत घे!"

मी आणखी वाकले. मुटिंटा धावत आली. तिने दोरीवरचे कपडे ओढले. सुपातल्या शेंगा आत नेल्या. मग ती पेल्याकडे वळली.