टरफलाची भुकटी

गाठीला सुरी लागली, आत हवा शिरली की ती भडकते, असा मारिलेनाच्या आईचा ठाम समज होता. बारी शहरातल्या त्यांच्या गल्लीत सगळ्याच म्हाताऱ्या असं मानतात, आईला एकटीला कशाला नावं ठेवा! "तुझी मावशी काय धडधाकट होती गं. डॉक्टरांनी गाठ उघडली, हवा लागली, आणि महिन्यात खेळ खलास," असं म्हणत ती फळीवर कानाच्या आकाराचा पास्ता वळायची. मारिलेना ठणकावून सांगायची, "आई, मावशी डॉक्टरकडे गेलीच उशिरा. हवेने कुणाची गाठ वाढत नाही." सांगणारच की! गाठींना रक्त कुठून मिळतं, हेच बघण्यात तिची विद्यापीठातली सगळी वर्षं गेली होती.

आणि आता तिच्याच डाव्या काखेजवळ, स्तनात, वाटाण्याएवढी गाठ होती. मार्चमध्ये सापडली. डॉक्टर लोकोन्सोले बाईंनी चाचपून सांगितलं, "सुईने तुकडा काढून तपासू. उशीर नको." मारिलेना "हो हो, फोन करते," म्हणून बाहेर पडली. आता जून लागला होता आणि फोन झालेला नव्हता.

कारण तिने अंड्यात पाहिलं होतं. उबवणीत ठेवलेल्या कोंबडीच्या अंड्याला ती छोटी खिडकी कापायची, आतल्या पातळ पडद्यावर कर्करोगाच्या पेशींचा ठिपका ठेवायची आणि रक्तवाहिन्या त्याच्याकडे कशा धावतात ते सूक्ष्मदर्शकातून बघायची. गाठ सापडली त्याच आठवड्यात, खिडकी कापताना, एका कोऱ्या अंड्यात टरफलाची भुकटी सांडली. त्यात कर्करोगाचा कणसुद्धा नव्हता. तरी दोन दिवसांत भुकटीभोवती पांढऱ्या पेशींची झुंबड उडाली. त्यांनी आपलं एन्झाइम ओतलं, त्याने आजूबाजूची तंतूंची जाळी कातरली, जाळीत अडकून पडलेला रक्तवाहिन्यांच्या वाढीचा निरोप मोकळा सुटला आणि लाल वाहिन्या भुकटीकडे धावत आल्या.

नुसत्या खरचटण्याने एवढं! मग गाठीत सुई खुपसली तर? आपलेच शिपाई धावत येणार आणि शत्रूच्या दारात आयतं रक्त नेऊन ओतणार. आईचंच ते जुनं भूत होतं, फक्त आता पांढरा कोट घालून आलं होतं. तेव्हापासून ती त्या बाजूला साबण लावतानाही श्वास रोखायची. गाठीला बोट म्हणून लावत नव्हती, न जाणो चिडली तर!

ती मुद्दाम भुकटी टाकलेली अंडी लावत राहिली. दर वेळी दोन दिवसांत तेच लाल जाळं दिसायचं, आणि दर वेळी ती अंडं फेकून द्यायची. भुकटी पडलेलं अंडं बाद, हा प्रयोगशाळेतला जुना नियम. पुढे त्याचं काय होतं, हे बघायला कुणी थांबतच नाही.

"बाई, पुन्हा कचरा लावलास? बक्षीस मिळणार आहे का त्याला?" शेजारच्या टेबलावरचा दोनातो चिडवायचा. मारिलेना कसंनुसं हसायची.

जूनच्या सुरुवातीला जोडून सुट्टी आली. निघायच्या गडबडीत तिने एका अंड्यातली भुकटी खारट पाण्याने धुतली खरी, पण अंडं फेकायचं राहून गेलं.

सुट्टी संपल्यावर तिने ते सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. लाल जाळं ओसरलं होतं. पडदा स्वच्छ होता, मागे एक फिकट व्रण राहिला होता, बस्स. पांढऱ्या पेशी आल्या, डागडुजी केली आणि निघून गेल्या. तिचा विश्वासच बसेना. तिने दोनदा पाहिलं.

मग तिने शेजारचं अंडं उचललं. त्यात कर्करोगाचा ठिपका होता. खिडकी सफाईने कापलेली, भुकटी नाही, ओरखडा नाही. आणि आत सगळं लालभडक! चारी बाजूंनी वाहिन्या ठिपक्यात घुसल्या होत्या आणि त्याच्या कडेला पांढऱ्या पेशी दाटीवाटीने बसल्या होत्या. त्या ओसरायचं नाव घेत नव्हत्या.

"दोनातो," तिने विचारलं, "याला सुट्टीत कुणी हात लावला होता?"

"कोण लावणार? अख्खं बारी समुद्रावर होतं." तो डोकावला. "अरे वा! मस्त वाढलीय की. कुणी छेडलं नाही ना, की आपली आपण कशी छान वाढते बघ."

सुईची वाट कोण बघत होतं? त्या ठिपक्याने शिपायांना स्वतःच बोलावून घेतलं होतं आणि राबवून घेतलं होतं. मार्च, एप्रिल, मे. ती भीतीने अंग चोरून बसली होती, आणि आत रोज काम चालू होतं.

तिने बाहेरच्या जिन्यात जाऊन फोन लावला.

"मारिलेना?" डॉक्टर लोकोन्सोले बाई रागवल्या नाहीत, त्याचीच तिला जास्त धडकी भरली. "वाटाण्याएवढी होती ना? आता केवढी आहे?"

तिला माहीत नव्हतं. तिने कोटाच्या आत हात घातला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच तिची बोटं तिथे पोचली आणि थांबली. वाटाणा कुठेच लागेना. हाताला लागला तो कवचासकट बदाम, टणक, जागचा न हलणारा.

"मारिलेना? ऐकतेस ना?"

"डॉक्टर," ती म्हणाली, "सुई तयार ठेवा. मी आत्ता निघतेय."