आठने भागलं

त्या मंगळवारी आबा डबा घेऊन निघाले होते आणि मी ओट्यावर वाचत बसले होते. चपला घालता घालता ते थांबले.

"बाई, एक आकडा काढी दे."

आबा, माझे वडील, उधन्याच्या एका कारखान्यात लहान मिलिंग मशीनवर होते. चौथी शिकलेले. वीस वर्षं त्यांनी कानाने काम केलं. कटरचा आवाज ऐकायचा आणि मशीनचा पट्टा वरखाली करून वेग बदलायचा. मग छगनभाई फोरमन झाले आणि प्रत्येक कामाच्या कार्डावर मशीनचे मिनिटाचे फेरे लिहायची सक्ती आली. तेव्हापासून फेरे मी काढत असे. घरातली कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

"काम काय आहे?"

"विणायच्या मागाच्या पोलादी पट्ट्या. आठ मिलिमीटरचं भोक आहे, त्याचं तोंड सोळापर्यंत पसरवायचं. स्क्रूचं डोकं आत बसायला पाहिजे."

पोलादावर कटरची कड मिनिटाला बारा मीटर धावायला हवी आणि व्यास जेवढा मोठा तेवढे फेरे कमी, एवढं मला पाठ होतं. मी पुस्तकातून बोट न काढताच म्हटलं, "पाचशे."

"जास्त नाही होत?"

"मग तुम्हीच काढा आबा."

ते हसले. "नको माय. तू म्हणतेस तर पाचशे."

संध्याकाळी जेवताना त्यांनी सांगितलं. चाळीस पट्ट्या वाया गेल्या होत्या. भोकांच्या तोंडांवर लाटा उठल्या होत्या, स्क्रू बसत नव्हते. "मशीन जुनं झालं," म्हणाले.

मी आठने भागलं होतं. तोंड पसरवताना कटरची बाहेरची कड सोळावर फिरते, भागायचं सोळाने. अडीचशे. मला ताटावरच कळलं. उद्या सांगू म्हटलं.

सकाळी सायकल बाहेर काढताना आबा उंबऱ्यावर बसले, ते पुन्हा उठले नाहीत.

चौदाव्या दिवशी, त्या मंगळवारी तिथेच राहिलेला त्यांचा डबा आणि मोजमापाची हत्यारं आणायला मी कारखान्यात गेले. तेराही दिवस लोक येत होते, चहा होत होता. छगनभाईंनी हळहळत त्या कामाचं कार्ड दाखवलं.

"कारीगर सारो हतो, बेन. पण छेल्ले दिवसे हाथ बगड्यो."

चांगल्या कारागिराचा शेवटच्या दिवशी हात बिघडला, असं त्यांचं म्हणणं; कार्डावर लाल शाईत लिहिलं होतं, कारागिराची चूक.

शेजारच्या मशीनवरचे सुपडूकाका हात पुसत आले. "मी म्हटलं त्याला, काशीराम, मशीन ओरडतंय, पट्टा खाली घे. तर म्हणे, मला काय ऐकू येत नाही? पण आकडा पोरीने काढलाय. ती कॉलेजात जाते, तू जातोस का?" ते हसायला गेले, जमलं नाही.

डब्याच्या कडीला अजून तेलाचा वास होता. मी तो खाली ठेवला.

"छगनभाई," मी म्हटलं, "त्यांचा हात बिघडला नव्हता. आकडा मी दिला होता. तो चुकला होता, आणि त्याच संध्याकाळी मला कळलं होतं. मी त्यांना सांगितलं नाही."