उजव्या बाजूचे टाके

सिक्युरिटी एजन्सीच्या सुपरवायझरनं पिशवीतून पिस्तुलाचं चामडी होल्स्टर काढलं आणि कामाच्या फळीवर आपटलं. कडेची शिवण तोंडापासून चार बोटं उसवली होती. तुटलेला दोरा बाहेर लोंबत होता.

"काल गेट लावायला आमचा गार्ड धावला आणि पिस्तूल खाली पडलं," तो म्हणाला. "आत गोळी होती. सुटली नाही म्हणून त्याचा पाय जागेवर आहे. नाहीतर आज इथं मी नाही, पोलीस आले असते."

मशीनवर बसलेल्या सुनेनं पाय काढून घेतला. मशीन थांबलं तशी खोली एकदम मोठी वाटायला लागली. पलीकडे खिडकीखाली, गुडघ्यांत लाकडी चिमटा धरून शिवत बसलेल्या सासऱ्यांनी मान वर केली नाही.

"आता सांगा, हे कुणाचं? हाताचं की मशीनचं?"

त्याला असं विचारायचा हक्क होता. मागच्या महिन्यात त्याच्याकडे नमुन्याची बारा होल्स्टरं गेली होती, सहा सासऱ्यांनी हातानं शिवलेली आणि सहा सुनेनं मशीनवर. ही पैज सासऱ्यांचीच. चार महिन्यांपूर्वी सुनेनं हट्टानं मशीन घरात आणलं, तेव्हापासून ते मशीनला 'माझी सवत' म्हणायचे. "सहा माझी, सहा सवतीची. बघू या, आधी कोण रडतं," असं याच सुपरवायझरसमोर म्हणून ते मोठ्यानं हसले होते. दोरा तोच, मेण तेच, त्यामुळे बाहेरच्या माणसाला फरक कळणं कठीण होतं. पैज जी शिवण जिंकेल, त्याच शिवणीत पुढची अठ्ठेचाळीस व्हायची होती.

सुनेनं होल्स्टर उचलून उजेडात धरलं. टाके किंचित तिरपे होते. मशीनचा टाका सरळ रेषेत पडतो. असा तिरपा टाका एकाच भोकातून दोन सुया घालणाऱ्या हाताचा असतो, आणि या घरात तसा हात एकच होता.

ज्या माणसाला अख्खा बाजार 'मोजपट्टी' म्हणायचा, त्याची शिवण उसवली होती. खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. मशीन आल्यापासून म्हातारा तिच्या हातचा चहासुद्धा धड घेत नव्हता. ती ग्लास त्यांच्या उजव्या गुडघ्याशी ठेवायची आणि ती समोर उभी असेपर्यंत ते त्याला बोट लावायचे नाहीत. एवढा राग! किती वेळा तिनं आत जाऊन डोळे पुसले होते. आज उट्टं काढायची आयती संधी चालून आली होती. पण त्या खाली घातलेल्या मानेकडे तिनं पाहिलं आणि तिच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"मशीनचं आहे. माझं."

"वाटलंच मला." सुपरवायझरनं खिशातून ऑर्डरचा कागद काढला. "मग ठरलं. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस हातानं, मोजपट्टीच्या हातानं. मशीनचा एक टाका मला दिसता कामा नये."

सुनेनं त्या कागदाकडे पाहिलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. आता अठ्ठेचाळीस माणसं भरलेली पिस्तुलं कमरेला लावून असल्याच दोऱ्यावर विसंबून हिंडणार. बोलावं तर म्हाताऱ्याची अब्रू जाते, न बोलावं तर कुणाचा तरी पाय जाईल, कदाचित जीवही. पेन कागदावर सरकत होतं.

"अहो..." ती म्हणाली.

"थांबा," सासरे म्हणाले. "आण गं ते इकडे."

"मामंजी, राहू द्या ना."

"आण म्हणतो ना."

तिनं होल्स्टर त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा शिवणीच्या बाहेरच्या बाजूनं फिरवला, मग आतल्या बाजूनं, मग पुन्हा बाहेरच्या. अंगठा थांबला.

"सूनबाई खोटं बोलतेय. ही शिवण माझी आहे."

"बाबा, तुम्ही तिला सांभाळून घेताय," सुपरवायझर म्हणाला.

"ती मला सांभाळून घेतेय. उलटं झालंय." त्यांनी डाव्याच हातानं चामडं टोचायची आरी उचलली आणि तिच्या टोकावर एक टाका धरला. टाका सहज वर आला. "हे बघा. शिवताना बाहेरची बाजू माझ्या उजव्या हाताला असते. डावा हात आतला दोरा ओढतो, उजवा बाहेरचा. आतले टाके कसे चामड्यात रुतलेत, आणि बाहेरचे नुसते टेकलेत. माझ्या सहांतलं हे एक झालं. उरलेली पाच आजच परत आणा. संध्याकाळपर्यंतसुद्धा कुणाच्या कमरेला ठेवू नका. अठ्ठेचाळीस हिच्या मशीनवर होतील."

सुपरवायझर आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिला. मग त्यानं लिहिलेली ओळ खोडली, वर दुसरी लिहिली आणि कानाला फोन लावतच जिना उतरला.

"मामंजी, मी..."

"चहा टाक आधी."

चहा झाला. तिनं नेहमीसारखा ग्लास त्यांच्या उजव्या गुडघ्याशी ठेवला आणि सवयीनं वळली.

"थांब," ते म्हणाले. "इकडे ठेव. डावीकडे."

तिनं ग्लास डावीकडे ठेवला. त्यांनी तो तिच्यादेखत डाव्या हातानं उचलला आणि एक घोट घेतला. उजवा हात मांडीवर पडून होता. सुई अजून त्या बोटांत होती, पण बोटांनी ती धरलेली नव्हती. चार महिने ती ज्याला राग समजत होती, तो राग नव्हताच. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि भीतीही. ती खाली बसली आणि त्या बोटांतून तिनं सुई अलगद काढून घेतली. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

"डॉक्टरकडे जाऊ या. आत्ताच."

"जाऊ. एवढा चहा होऊ दे."

त्यांनी सावकाश ग्लास रिकामा केला आणि मशीनकडे बघितलं.

"माझ्या सवतीला जरा विचारून ठेव," ते म्हणाले. "डावरा माणूस चालतो का म्हणावं."